मधला ‘स’

चोन्ची, चिलोए बेट
ऑगस्टमधला एक ओला गुरुवार

प्रिय लेकी,

दचकू नकोस. इतक्या वर्षांनी अशी हाक मारणारी दुसरी कोण असणार? दारोदार ख्रिस्त शिकवायला मिशनवर आलेल्या नव्या मुलीला जी काम शिकवते ती तिची आई आणि शिकते ती लेक, अशी आपल्यातली बोली होती. त्या नात्याने तू माझी लेक. वयाने तू थोडी मोठीच होतीस आणि उंच तर एवढी, की माझ्या डोक्यावरून पलीकडचा रस्ता बघायचीस. तरी आई मीच. पाकिटावर मी ‘हर्मना टॉलमन’ लिहिलं आहे, भगिनी टॉलमन, मिशनवर आपल्याला तेवढंच तर नाव असायचं. आता ते आडनाव राहिलं असेल की नाही, देव जाणे. पत्ता तुझ्या वडिलांच्या बटाट्याच्या शेताचा, आयडाहोमधल्या ब्लॅकफुटचा. ते नाव विसरणं शक्यच नव्हतं. ब्लॅकफुट म्हणजे काळं पाऊल, असं तू मला सांगितलंस तेव्हा आपण दोघी चोन्चीच्या चढावर घोट्यापर्यंत चिखलात उभ्या होतो. मी म्हटलं होतं, मग तू घरीच आहेस की.

मी अजून त्याच चढावर आहे. मिशन संपवून घरी जाणारीला आपण ‘मेली’ म्हणायचो ना, तर मीही यथावकाश मेले, वालपराइसोला आईकडे गेले, आणि दोन वर्षांनी भुतासारखी इथेच परत आले. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारा उलिसेस बार्रिया आठवतो? सुरांपेक्षा पायांचाच आवाज जास्त करायचा तो? त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून मी तुला दटावायचे. त्याच्याशीच लग्न केलं मी. हस, मनसोक्त हस, माझा हक्क नाही रागावायचा. आमचं घर खाडीकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात दुपारी धुकं वर चढतं, समोरचं लेमुय बेट पुसून टाकतं, मग जेटी, मग शेजाऱ्यांचं कुंपण. मी चुलीजवळ बसते, लाकडं चुरचुरतात, डोळा लागतो न लागतो, आणि जिन्यावर ओल्या बुटांचा आवाज येतो. तुझे ते मोठे काळे बूट. दर हिवाळ्यात येतो तो आवाज. मी उठून बघत नाही. बघितलं तर थांबेल, असं वाटतं.

आणि आता खरी बातमी. मला एक मुलगी आहे, रायेन. भर पावसात अंधारून आलेलं असताना जन्मली आणि स्वभावही तसाच घेऊन आली, असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. ती उदास नाही. ती फक्त बोलत नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या पोटी ही मुकी कुठून आली, असं सासूबाई अजून विचारतात. घरात पुटपुटते, मांजराशी गप्पा मारते, पण दुकानात पाव मागायचा म्हटलं की नुसतं बोट दाखवते. अशा मुलीने स्वतःहून मिशनवर जायचं ठरवलं, आणि जूनमध्ये ती गेली. आताच्या मुलांना दर सोमवारी घरी फोन करता येतो, चेहरासुद्धा दिसतो. आपल्याला वर्षातून दोनदा आवाज मिळायचा आणि त्यातही अर्धा वेळ रडण्यात जायचा. तर गेल्या सोमवारी रायेनचा चेहरा दिसला, फार लहान झालेला. म्हणाली, “मम्मी, मी दारापर्यंत जाते, हात वर करते, आणि मग काहीच होत नाही. मी परत येऊ का?” मी थोडं थांब, एवढंच म्हटलं. तेव्हापासून तू माझ्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नाहीस.

बेकरीच्या वरची आपली खोली आठवते? सकाळी खालून पावाचा वास यायचा आणि आपण उपाशीपोटी देवाचे धडे गिरवायचो. खोलीला दार एकच, आणि ते उघडं ठेवलं की बेकरीवाली बाई ऐकत बसायची, म्हणून सरावाला आपण कपाट वापरायचो. मी कपाटात शिरायचे, आतून दार लावून घ्यायचे, तू बाहेरून टकटक करायचीस. कधी मी चिडकी म्हातारी व्हायचे, कधी दारुडा, कधी तीन पोरांची आई जिचं दूध उतू जातंय. मला नाटकाची हौस. तू मात्र टकटक करून नुसती उभी राहायचीस. मी कोटांच्या ओल्या वासात वाट बघत राहायचे, आणि एकदा तर तिथेच उभ्या उभ्या मला झोप लागली. दार उघडलं तर तू तशीच उभी, हात वर. मला स्वप्नच वाटलं होतं ते.

किती शिकवलं मी तुला! आधी घराचं कौतुक करावं. मग मुलांची नावं विचारावीत. मग एक प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं, समोरच्याला बोलू द्यावं. हे शेवटचं मी अगदी तोंडपाठ सांगायचे आणि स्वतः कधीच करू शकले नाही. मला गप्प बसवतच नाही. समोरचा श्वास घ्यायला थांबला की मी पुढचं वाक्य टाकलंच. म्हणून आपण पायाची खूण ठरवली होती. टेबलाखाली मी तुझा पाय दाबला की तू बोलायचंस. काय दाबायचे मी! तुझा बूट पार चपटा झाला असेल. तू दचकायचीस, एक वाक्य बोलायचीस, आणि पुन्हा भिंतीसारखी गप्प. फक्त बटाट्याच्या शेतात तुझं तोंड सुटायचं. लोकांचे बटाटे काढायला मदत करायला गेलो की तू आमचे ते जांभळे, लांबुडके बटाटे हातात घेऊन त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचीस. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा.

आता बेलार्मिनोकाकांकडे येते. तू त्यांना विसरलेली नाहीस, मला ठाऊक आहे. तुझ्या एकुलत्या एका पत्राचा शेवट त्यांच्यावरच होता. किनाऱ्यावरचं ते काळपट पडलेलं लाकडी घर, दाराशी वाळत टाकलेली जाळी, आणि आत ते एकटे. बायको गेलेली. गावात कुणाशी धड बोलायचे नाहीत. आपल्याला आत घेतलं तेही देवाच्या ओढीने नव्हे, तर तू दाराशी इतकी भिजून उभी होतीस की त्यांना लाज वाटली. चुलीवर किटली होती. माते दिला त्यांनी, तो नळीने ओढायचा आमचा कडू पाल्याचा चहा, नळी फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली, तू तोंड भाजून घेतलंस. मग तू त्यांच्या टोपलीतले बटाटे सोलायला घेतलेस, न विचारता. मी माझं नेहमीचं सुरू केलं, घराचं कौतुक, मासळीची चौकशी, ख्रिस्त. आणि मधेच तुझा पाय दाबला.

तुला बोलायचं होतं, ख्रिस्त पापी माणसांना वाचवायला आला. आमच्या भाषेत पापी म्हणजे ‘पेकादोर’. तू मधे एक ‘स’ घातलास. ‘पेस्कादोर’ म्हणजे कोळी. तर तू मान वर करून, बटाटा हातात धरून, स्पष्ट आवाजात सांगितलंस की ख्रिस्त कोळ्यांना वाचवायला आला. मला हसू आवरेना, मी मातेच्या भांड्यात तोंड घातलं. बेलार्मिनोकाका तुझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “सगळ्या कोळ्यांना?” तू म्हणालीस, “हो, सगळ्यांना. मीसुद्धा कोळीणच आहे.” म्हातारा हसला. ते घर हसणं विसरलेलं होतं, चुलीजवळची मांजरसुद्धा उठून बसली.

त्यानंतर जे झालं ते मी तुला आज सावकाश सांगते, कारण त्यातलं निम्मं तुला कळलं नसणार. तुला आमची भाषा शिकायला लागून अजून धड एक हिवाळाही झाला नव्हता. ते हसले, मग थांबले, आणि भिंतीवरच्या अकॉर्डियनकडे बघायला लागले. तो त्यांच्या भावाचा, फ्लोरिदोरचा. दोघे भाऊ दोन होड्यांतून निघाले होते, सकाळी किनाऱ्यावर भांडून. भांडण एका मोटारीवरून, ती कुणाच्या होडीला लावायची यावरून. दुपारी असंच धुकं उतरलं. धुक्यातून फ्लोरिदोर हाका मारत होता, बेलार्मिनो, कुठे आहेस, बेलार्मिनो. आणि काका वल्ही आत घेऊन बसून राहिले. ओरडू दे जरा, असं म्हणाले मनाशी. जरा घाबरू दे. मग हाका थांबल्या. गाव म्हणतं, फ्लोरिदोरला त्या दिव्यांच्या जहाजाने नेलं, जे धुक्यात वाजत गाजत फिरतं आणि बुडालेल्यांना चढवून घेतं, आणि अजूनही दाट धुक्यात त्याचा अकॉर्डियन ऐकू येतो. पण अकॉर्डियन तर भिंतीवर होता. काकांना ऐकू यायच्या त्या हाका.

हे सांगून ते थांबले. मी तोंड उघडलं. माझ्याकडे अशा वेळी म्हणायचं वाक्य तयार होतं, चांगलं वाक्य होतं. आणि टेबलाखाली माझ्या पायावर एक बूट पडला. तुझा. तू जोरात दाबलास. तोवर त्या खुणेचा एकच अर्थ होता, बोल. तू तिला दुसरा दिलास, थांब. तुला किती शब्द कळले होते? भाऊ, धुकं, आवाज, एवढेच असतील. तू अर्धा सोललेला बटाटा हातात घेऊन बसलीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तू ते पुसलंही नाहीस. किती वेळ गेला कुणास ठाऊक. किटली उकळून उकळून गप्प झाली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब शांतता, आणि मी तिच्यात काही बिघडवलं नाही, ते केवळ तुझ्या बुटामुळे.

बाहेर आल्यावर तू हसत होतीस. समुद्राकडे बघून, पावसात, एकटीच. मी तुला मधल्या ‘स’बद्दल तेव्हा काही बोलले नाही, तुझं ते हसू मला मोडवेना. आणि म्हणून शनिवारी मिशनवरच्या सगळ्यांच्या बैठकीत, कुणीतरी उभं राहून नमुन्याचा धडा द्या, असं म्हटल्यावर तू, चक्क तू, हात वर केलास. उभी राहिलीस. आणि तेच वाक्य, तसंच, अभिमानाने म्हणालीस. मुलगे खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. कुणी वाईट नव्हता त्यांतला, एकोणीस-वीस वर्षांची पोरं ती, घरापासून लांब, हसायला कारण मिळालं की तुटून पडणारी. एकाने हवेत गळ टाकून दाखवला. तूही हसलीस थोडं, पण तुझे कान लाल झाले होते, आणि ओठ पांढरे.

मग तुझं ते खूळ. तू त्या म्हाताऱ्याला फसवलंस, असं तुझ्या डोक्यात बसलं. देवाच्या नावाने खोटा शब्द दिलास, कोळ्यांना माफी आहे म्हणालीस, आणि त्या बिचाऱ्याने त्यावर विसंबून मन मोकळं केलं. कपाटासमोर उभी राहून तू दिवसभर ‘पेकादोर, पेकादोर’ घोकत होतीस. खरं सांगून माफी मागायला आपण त्यांच्या घरी गेलो तर दाराला कडी, जाळी ओली, आणि होडी गायब. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तू म्हणालीस, शब्द चुकीचा होता असं त्यांना कुणीतरी सांगितलं, म्हणून ते निघून गेले. त्यानंतर तू जेवेनाशी झालीस. दारावर टकटक करायला उचललेला हात तू तसाच खाली घ्यायचीस. मिशनच्या वरिष्ठांचे फोन आले, प्रेमळ होते, पण शेवटी तुला घरी पाठवायचं ठरलं. कास्त्रोच्या बसथांब्यावर तिकिटावर मी तुझं नाव पहिल्यांदा वाचलं, लारीन. इतके महिने एका खोलीत, एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही अशा नियमात राहिलो, आणि मला तुझं नाव माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात मला ओसोर्नोला हलवलं. नंतर तुझं ते एक पत्र आलं. मिशन अर्धवट सोडून आले म्हणून आमच्या गावात कुणी काही बोलत नाही, पण मी आत आले की बोलणं थांबतं, असं लिहिलं होतंस. आणि म्हातारबाबांना खरं सांग, एवढी एक विनंती. माझ्या पत्रांना मात्र तू उत्तर दिलं नाहीस.

मी इथे परत आले तेव्हा काका होतेच. ते चर्चला कधीच आले नाहीत, पुढेही नाहीत. उगाच आशा लावू नकोस. रविवारी कधीमधी चॅपलच्या मागच्या दारी शिंपल्यांची पिशवी ठेवून जायचे आणि दिसले की विचारायचे, ती उंच पोरगी कशी आहे. मी म्हणायचे, बरी आहे. तुझी विनंती माझ्या ध्यानात होती. पण ज्या माणसाने ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, त्याच्याकडे मी ती कुठल्या तोंडाने काढणार होते?

या एप्रिलमध्ये बटाटे निघाले आणि रायेनचा सराव सुरू झाला. आमच्याकडे कपाट नाही, भिंतीतले खण आहेत, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहायचे. उलिसेस कुत्रा व्हायचा. तू बघायला हवी होतीस, तो फार छान भुंकतो. पण घरच्यांसमोर किती करणार? म्हणून मी तिला बेलार्मिनोकाकांकडे नेलं. आता ते खूप म्हातारे झालेत, उन्हाळ्यातसुद्धा चुलीपासून हलत नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं, की तुम्ही अनोळखी व्हायचं आणि ही तुम्हाला शिकवणार. ते म्हणाले, अनोळखी व्हायला मला काय जड आहे, निम्म्या गावाला मी आहेच. रायेन बसली. जमिनीकडे बघत, पाठ केलेलं, पण शुद्ध बोलली. ख्रिस्त पापी माणसांना वाचवायला आला. पेकादोर, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

काकांनी मान हलवली. “पेस्कादोर म्हण.”

रायेनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काका, शब्द पेकादोर आहे. तर माझ्यावरच डोळे वटारले.

“मला शिकवू नका, बाई. जन्म गेला माझा या भाषेत. ती पोरगी चुकली, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या घरात येऊन मला पापी म्हणाली असती ना, तर मी दार दाखवलं असतं. पाद्री म्हणायचा, मी स्वतः रोज म्हणायचो, आणखी एक कशाला? तिने मला कोळी म्हटलं. कोळी तर मी आहेच. म्हटलं, आपल्याला कुणीतरी नावाने हाक मारतंय, तर या वेळी ओ द्यावी.”

लारीन, मी हे तुला जसंच्या तसं लिहिलंय, एक शब्द माझा नाही. आणि होडीचं ऐक. मग मी विचारलंच, तेव्हा तुम्ही कुठे गेला होतात? ते म्हणाले, लेमुयला. फ्लोरिदोरची बायको तिकडे राहते, एदुविनावहिनी. भाऊ बुडाल्यापासून त्यांनी तिचं तोंड बघितलं नव्हतं. आपण बटाटे सोलून गेलो, त्यानंतर चार दिवस त्यांनी धीर गोळा केला आणि वल्हवत पलीकडे गेले. तिला हाकांबद्दल सांगितलं. तिने किटली उचलून त्यांच्या अंगावर रिकामी केली, नशीब की पाणी कोमट होतं, आणि दार लावून घेतलं. ते तिच्या पडवीत झोपले. सकाळी छप्पर गळताना दिसलं, तर शिडी लावून वर चढले. छप्पर दुरुस्त होईपर्यंत तिथेच राहिले. ती एक शब्द बोलली नाही. आपण बंद दारावर टकटक करत होतो आणि तू खचत होतीस, तेव्हा तो माणूस समोरच्या बेटावर, त्याच धुक्यात, तुझ्याच एका शब्दावर छपराच्या फळ्या ठोकत बसला होता. कदाचित तो आवाज आपल्याला ऐकूही आला असेल. मला आता आठवतो असं वाटतं, पण माझ्या आठवणींचं काही खरं नाही.

तिने माफ केलं का, असं मी विचारलं. मला गप्प बसवत नाही, तुला माहीतच आहे. काका म्हणाले, “विचारलं नाही कधी. मिलकाओ येतो.” दर रविवारी पलीकडून येणाऱ्या होडीतून फडक्यात बांधलेला मिलकाओ येतो, किसलेल्या बटाट्याची ती जाड भाकरी, इतकी वर्षं. परत निघालो तेव्हा रायेन वाटेत थांबली आणि मला म्हणाली, मम्मी, तुझ्या त्या उंच जोडीदाराला हे कुणी सांगितलं का? मी म्हटलं, सांगेन. तेव्हापासून हे पत्र डोक्यात लिहीत होते. तू शिकवलेलं फुकट गेलं नाही, तू फसवलं नाहीस, हे कळवायचं होतंच. पण खोटं कशाला बोलू, एवढ्यासाठी मी आज बसले नाही. कारण वेगळं आहे आणि त्यात माझा स्वार्थ आहे.

रायेनला कुठे पाठवलं ते मी अजून लिहिलं नाही. आयडाहोला. आणि सोमवारी तिने पहिल्या गावाचं नाव सांगितलं, ब्लॅकफुट. मी तिला दोनदा म्हणायला लावलं. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांत तिचं काम आहे, पण दारं तर सगळ्यांचीच ठोठावावी लागतात, आणि तिचं इंग्रजी म्हणजे तुझं तेव्हाचं स्पॅनिश. इंग्रजीत मेंढी आणि जहाज हे दोन शब्द म्हणे जवळजवळ सारखेच. तिने एका आजींना सांगितलं की देव मेंढपाळ आहे आणि आपण सगळी त्याची जहाजं. तिची जोडीदार रस्ता संपेपर्यंत हसत होती, आणि त्यानंतर रायेनने तोंड उघडलेलं नाही. मी बेलार्मिनोकाकांना हे सांगितलं तर ते खाडीकडे बघून म्हणाले, बरोबरच आहे. तू अजून चर्चला जातेस की नाही, मला माहीत नाही आणि ते मी विचारतही नाही. तिला थांब म्हण, असंही माझं म्हणणं नाही. तिकडचे बटाटे निघाले की ठरव, एवढंच मी तिला सांगणार आहे. यायचं असेल तर येईल, जेटीवर मी असेन, आणि ती आत आल्यावर या घरात कुणाचं बोलणं थांबणार नाही. पण त्याआधी एखाद्या दिवशी तुझ्या दारावर टकटक होईल, किंवा होता होता राहील. बाहेर, छातीवरच्या काळ्या पाटीवर ‘हर्मना बार्रिया’ लिहिलेली एक बुटकी मुलगी हात वर करून उभी असेल. तू दार उघड. तिला रायेन म्हण, तिकडे कुणी तिला नावाने हाक मारत नाही. टोपलीभर बटाटे सोलायला दे. आणि मग टेबलाखाली तिचा पाय हळूच दाब. ती खूण मी तिला शिकवून पाठवली आहे, दोन्ही अर्थांसकट.

जिला तू या नावाने कधीच हाक मारली नाहीस, ती
तुझीच,
नेलिदा